आतल्या आवाजावर माझा भरवसा नाही

1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी काँग्रेसच्या आमदार-खासदारांना विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून ‘आतला आवाज’ हा शब्दप्रयोग आपल्या राजकारणात रुळला. पुढच्या काळात किती लोकप्रतिनिधींना हा आवाज ऐकू आला आणि तो नेमका सत्तेच्या दिशेनेच कसा आला, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

राजकारण्यांना हसणं सोपं आहे. पण बाकीच्या आपल्यालाही हाच सल्ला मिळत असतो. प्रेरणादायी व्याख्यानं, सकाळी सकाळी येणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, मनोबल वाढवणारी पुस्तकं, सगळ्यांचं सार एकच. बळ तुमच्या आतच आहे. शांत बसा, डोळे मिटा, सापडेल. माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला नुसता पोकळ नाही, तो घातक आहे. ऐन दडपणाच्या क्षणी माणूस आत डोकावतो तेव्हा दडपण त्याच्या आधीच तिथे जाऊन बसलेलं असतं.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. मार्चअखेर आहे. एका कनिष्ठ अभियंत्यासमोर न झालेल्या कामाची मोजमापं सहीसाठी ठेवलेली आहेत. कंत्राटदार समोर चहा पितोय, वरच्या साहेबांचा फोन येऊन गेलाय. धमकी कुणीच दिलेली नाही. आता या माणसाने आतला आवाज ऐकावा. काय ऐकू येईल त्याला? मुलीची बारावी आहे, या वर्षी बदली परवडणार नाही. तू नाही केलीस तर दुसरा करेल. एका सहीने काय होतंय, वर अजून तीन सह्या आहेत. आणि सगळ्यात गोड वाक्य: आत्ता टिकून राहिलास तर पुढे मोठ्या कामाच्या वेळी ठाम राहता येईल. हा आवाज अगदी आतूनच येतो. तो त्याच्याच भाषेत बोलतो, त्याच्याच काळज्या मांडतो. साहेबांचा फोन त्याला ओळखता येतो; या आवाजाला तो ‘स्वतःचा विचार’ समजतो.

मी ज्यू नाही. तरी या प्रश्नासाठी मला ज्यू परंपरेकडे जावंसं वाटतं, आणि त्याचं कारण व्यावहारिक आहे. जवळजवळ दोन हजार वर्षं हा समाज बहुतेक ठिकाणी अल्पसंख्य म्हणून, दुसऱ्याच्या राज्यात राहिला. ‘वाकायचं की नाही, आणि वाकायचं तर कुठपर्यंत’ हा प्रश्न त्यांना पिढ्यानपिढ्या पडत राहिला आणि त्यावर त्यांनी वकिली काटेकोरपणे वाद घालून ठेवले. त्या वादांत ‘आत डोकावून पाहा’ असा सल्ला शोधायला गेलं तर फारसा हाती लागत नाही. सापडतात ते नियम, मतदानं, अपवाद, वेळापत्रकं आणि नावं. आजच्या आपल्या मनोबलाच्या बाजारात नेमकं हेच मिळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ही परंपरा आतल्या माणसाला निरागस मानत नाही. माणसात वाईटाकडे ओढणारी एक प्रवृत्ती असते, तिला ‘येत्झर हारा’ म्हणतात. ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा जो अवाढव्य संग्रह आहे, त्या तालमूदमध्ये या प्रवृत्तीचं वर्णन तीन पायऱ्यांनी येतं. आधी ती दारावरून जाणारा वाटसरू असते, मग घरात आलेला पाहुणा होते आणि शेवटी घरमालक. ज्याला आपण ‘मन’ म्हणतो त्या घराची मालकी अशी बदललेली असू शकते. अशा घरात जाऊन ‘काय करू?’ म्हणून विचारलं तर उत्तर नवा मालकच देणार. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. रामदासांनी मनाचे श्लोक मनाला उद्देशून लिहिले. मनाला शिकवायचं असतं हे त्यात गृहीत आहे. मनालाच गुरू करून त्याचा सल्ला घ्यायची फॅशन बरीच अलीकडची.

मग बळ आणायचं कुठून? तालमूदमधली एक नोंद मला या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोमन अमलात ज्यू धर्माचरणावर बंदी आली होती. हेड्रियन बादशहाच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही गोष्ट असं सहसा मानलं जातं. लोद गावात एका घराच्या माडीवर काही रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, जमले. प्रश्न असा होता की शिपाई येऊन म्हणाला ‘धर्म मोड, नाहीतर मारतो’, तर काय करायचं? त्यांनी चर्चा केली, मतं मोजली आणि निर्णय केला. जीव वाचवण्यासाठी जवळजवळ कुठलाही नियम मोडावा. अपवाद तीन: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून. या तीन गोष्टींपुढे मरण पत्करावं, पण त्या करू नयेत.

या यादीत काय आहे ते पटो किंवा न पटो, ती कशी तयार झाली ते बघा. ती आधी झाली. शिपाई दारात असताना नव्हे, माडीवर बसून, डोकं शाबूत असताना. ती एकट्याने केलेली नाही, मतदानाने केली. आणि ती आखूड आहे. शेकडो आज्ञा डोक्यावर वागवणाऱ्या या लोकांनी जीव देण्यालायक गोष्टी मोजून तीन ठरवल्या. ज्याच्यासाठी सगळंच तत्त्वाचं असतं तो माणूस फार काळ टिकत नाही. पाचव्या-सहाव्या भांडणात तो दमतो, आणि दमलेला माणूस सगळंच सोडून देतो. ऑफिसातल्या पंख्याच्या वेगापासून खोट्या सहीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर बाणेदारपणा दाखवणारे आपण पाहिलेत. त्यांची खोटी सहीही बहुधा मिळतेच, फक्त जास्त आरडाओरड होऊन मिळते.

त्याच चर्चेत पुढे एक माणूस रावा या पंडिताकडे येतो. त्याच्या गावच्या अधिकाऱ्याने त्याला अमक्याचा खून करायला सांगितलंय. नाही केला तर याचाच जीव जाणार. रावा त्याला म्हणतो की मर, पण मारू नकोस. कारणही देतो: तुझं रक्त त्याच्या रक्तापेक्षा जास्त लाल आहे हे कुणी ठरवलं? या उत्तरात भावनेला आवाहन नाही, शौर्याचं गुणगान नाही. साधा हिशेब आहे. दडपण आपल्याला सतत एकच गोष्ट पटवत असतं, की आपला जीव, आपली नोकरी, आपली मुलगी दुसऱ्याच्या जिवापेक्षा, नोकरीपेक्षा, मुलीपेक्षा थोडी जास्त खरी आहे. रावाचा प्रश्न तिथेच बोट ठेवतो. न झालेल्या कामाची मोजमापं पुलाची असतील, तर त्या पुलावरून जाणाऱ्याचं रक्त किती लाल असतं, हा प्रश्न आतून उगवत नाही. तो कुणीतरी समोरून विचारावा लागतो.

या कठोरपणाची दुसरी बाजू दाखवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तिथेच आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. बाराव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि स्पेनमध्ये अल्मोहाद राजवटीने ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली. अनेकांनी तोंडाने इस्लामचा स्वीकार केला आणि घरात आपला धर्म चालू ठेवला. एका रब्बीने फर्मावलं की असे लोक ज्यू उरलेच नाहीत. त्यांनी गुपचूप केलेली प्रार्थनासुद्धा पापात भर घालते. यावर मायमोनिडीसच्या नावावर असलेलं एक दीर्घ पत्र आहे. मायमोनिडीस हा मध्ययुगातला सगळ्यात मोठा ज्यू विचारवंत आणि धर्मशास्त्री. या सक्तीची झळ त्याच्या स्वतःच्या कुटुंबाला बसलेली होती. पत्रात तो त्या रब्बीवर अक्षरशः तुटून पडतो. ज्यांच्या मानेवर तलवार आहे त्यांना तू कोण शिव्या देणारा? ही सक्ती फक्त शब्द उच्चारायला लावते, कृती करायला नाही. तेव्हा शब्द उच्चारून जीव वाचवा, जमेल तेवढ्या आज्ञा पाळत राहा आणि शक्य तितक्या लवकर तो देश सोडा, असा त्याचा सल्ला आहे.

‘देश सोडा’ हे मला फार मोलाचं वाटतं. मायमोनिडीस वाकलेल्या माणसाला हाकलत नाही आणि वाकणं कायमचं आरामदायक होऊ देत नाही. आपल्याकडे यासाठी कप्पाच नाही. आपले कप्पे दोन, हुतात्मा आणि फितूर. जो पोलादासारखा उभा राहिला त्याचा पुतळा. जो एकदा वाकला तो कायमचा बाद. परिणाम असा होतो की एकदा वाकलेला माणूस स्वतःला बाद समजून वाकतच राहतो. आता काय राहिलंय, एक सही केलीच आहे. नैतिक बळाविषयी आपण जे वीररसाचं लिहितो-बोलतो, ते या माणसाच्या काहीही कामाचं नाही. किंबहुना तेच त्याला खाली ढकलतं.

वीररसाचं म्हणाल तर बायबलमधली अन्यायी हुकूम मोडण्याची पहिली मोठी गोष्ट दोन सुइणींची आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच मिसरचा राजा फारो हुकूम काढतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर जन्मताच मारा. शिप्रा आणि पुवा या सुइणी मारत नाहीत. राजाने जाब विचारल्यावर त्या काय करतात? दरबारात भाषण ठोकत नाहीत. सरळ थाप मारतात, की या बायका अशा धडधाकट आहेत, आम्ही पोचेपर्यंत बाळंत होऊन मोकळ्या झालेल्या असतात. पुस्तकात त्या राजाचं नावसुद्धा दिलेलं नाही, तो नुसता फारो. सुइणींची मात्र दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत. त्यांना हे जमलं कसं? त्या ईश्वराला भीत होत्या, एवढंच पुस्तक सांगतं. त्यात मी दोन गोष्टी घालेन. त्यांचं काम पोर जगात आणायचं होतं. हातांना ती सवय होती. आणि त्या दोघी होत्या.

एकट्याने दडपण सोसणारा वीर या परंपरेला फारसा भावत नाही. योसेफाची गोष्ट बघा. परक्या देशात गुलाम म्हणून विकला गेलेला तरुण, मालकाची बायको त्याला घरात एकटा गाठते. बायबलमध्ये तो पळून जातो. तालमूदमधले पंडित विचारतात, त्या क्षणी त्याला कशाने आवरलं? त्यांचं उत्तर, त्याला खिडकीत बापाचा चेहरा दिसला. त्याने आत पाहिलं आणि बळ सापडलं, असं म्हणणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी एक चेहरा आणून खिडकीत उभा केला. मरणाऱ्याला, विकल्या जाणाऱ्याला, एकट्या पडलेल्याला कुणाचा तरी चेहरा लागतो, हे त्यांना माहीत होतं.

जिथे चेहऱ्यांचाच दाब असतो, तिथलं काय? सभा, पंचायत, समिती, न्यायासन? त्यावरही नियम आहेत. मिश्ना हा तालमूदचा जुना गाभा. त्यात न्यायालयाची रीत दिली आहे. देहदंडाच्या खटल्यात मत मांडायची सुरुवात कनिष्ठ न्यायाधीशांपासून करायची. ज्येष्ठांनी आधी तोंड उघडलं तर धाकटे त्यांच्यामागे जातील. आणि तालमूदमधला एक नियम तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो: आरोपी दोषी आहे असं सगळ्या न्यायाधीशांचं एकमत झालं, एकही मत त्याच्या बाजूने पडलं नाही, तर त्याला सोडून द्यायचं. जिथे एकालाही शंका आली नाही तिथे कुणी विचारच केला नसावा, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

आता आपल्या गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कुणाला विकू द्यायचा नाही, यावर बोलणं चाललंय. कारण उघड बोललं जात नाही, ‘वातावरण’ एवढाच शब्द वापरला जातो. आधी चेअरमन बोलतात, मग सेक्रेटरी, मग सगळ्यात जुने सभासद. शेवटी कुणाला काही म्हणायचंय का, असं विचारलं जातं. भाड्याने राहिलेला, नुकताच सभासद झालेला, तीस वर्षांचा मुलगा तेव्हा हात वर करणार आहे का? ठराव एकमताने मंजूर, अशी नोंद होते आणि आपल्याला त्या एकमताचा अभिमान वाटतो. हा मुलगा भित्रा आहे म्हणून त्याला मनोबलाची पुस्तकं देणं म्हणजे रोग्याला सोडून थर्मामीटरला औषध पाजणं. सभेचा क्रम बदला, धाकट्याला आधी बोलू द्या. त्याच्या अंगी असलेलं धैर्य तेवढंच राहील, पण ते पुरेल.

आता कोकण, कारण या सगळ्याचा पुरावा मराठीत बोलतो. बेने इस्राएल समाजाच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी. कधी आले याबद्दल मतं अनेक आहेत. पण अठराव्या शतकात बाहेरच्या ज्यूंशी त्यांचा नीट संबंध आला तेव्हा त्यांच्याकडे रब्बी नव्हते, ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरलेली होती. ‘शमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवार, एवढं उरलं होतं. तेल गाळणं हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. डेव्हिड राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तर त्यांनी पंख आणि खवले नसलेले मासे आपणहून बाजूला काढले आणि त्यावरून त्याला ओळख पटली, अशी आख्यायिका समाजात सांगतात.

कोकणात त्यांचा कुणी छळ केला नाही. तिथलं दडपण वेगळं होतं, विरघळून जाण्याचं. भाषा तीच, वेश तोच, आडनावं गावांवरून पडलेली: किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर. एका शनिवारी घाणा चालू ठेवला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. उलट चार पैसे जास्त मिळाले असते. आठवड्यातून एकदा, बैल तयार, तीळ तयार, गिऱ्हाईक दारात, आणि तरी ‘आज नाही’ म्हणायचं. शब्बाथ म्हणजे विश्रांती असं आपण वाचतो. घाण्यावरच्या माणसासाठी तो नकाराचा साप्ताहिक सराव होता. ग्रंथ हरवले, पंडित हरवले, भाषा हरवली, सराव टिकला.

त्या सरावाचा कस पुढे दुसरीकडेच लागला. इस्राएल स्थापन झाल्यावर हे लोक हजारोंनी तिकडे गेले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढली की बेने इस्राएलपैकी कुणी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याचं मूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासा. म्हणजे ज्यांनी कुणीही पाहत नसताना शनिवार पाळला, त्यांच्या ज्यू असण्यावर आता ज्यू राज्यात, ज्यू धर्मपीठाने शंका घेतली. त्यांच्यावर यापूर्वी आलेलं कुठलंही दडपण इतकं अवघड नसेल, कारण हे आपल्याच धर्माच्या नावाने, आपल्याच धर्माच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडून आलं. त्यांच्यापैकी अनेकांनी मान्य केलं नाही. मोर्चे निघाले, 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेत हा विषय चर्चेला आला आणि हा समाज सर्वार्थाने ज्यू आहे असं सरकारने स्पष्ट केलं. रब्बींच्या कार्यालयाला त्या सूचनेतून समाजाचं नाव काढावं लागलं. धर्मपीठ म्हणजे धर्म नव्हे, हे त्यांनी धर्म न सोडता दाखवून दिलं.

या समाजाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्यांच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि काळ्यांशी सोयरीक होत नसे. दुसऱ्याने आपली वंशावळ तपासली की अन्याय दिसतो, आपण तपासतो तेव्हा परंपरा दिसते. ही खोड कुठल्या एका समाजाची नाही.

इथे माझ्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. ही परंपरा एवढी नियमबद्ध, तर मग ज्यूंच्या हाती सत्ता आल्यावर काय झालं? 29 ऑक्टोबर 1956, सुएझचं युद्ध सुरू व्हायचा दिवस. इस्राएलमधल्या कफर कासिम या अरब गावावर संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लावली गेली. गावच्या मुखियाला हे कळलं फक्त अर्धा तास आधी. शेतात, खाणीत कामाला गेलेल्यांना कळणं शक्यच नव्हतं. संचारबंदीत बाहेर दिसेल त्याला गोळी घाला, असा हुकूम होता. सीमा पोलिसांनी घरी परतणाऱ्या जवळजवळ पन्नास माणसांना मारलं. त्यांत बायका होत्या, पोरं होती. मारणाऱ्यांच्या कानावर बायबल, रब्बी, शनिवार हे सगळं लहानपणापासून पडलेलं असणार. काय उपयोग झाला?

उपयोग वारशाने होत नाही, हेच माझं उत्तर आहे. ‘आमच्या रक्तातच आहे’ हा आतल्या आवाजाचाच सामुदायिक अवतार. पण त्याच संध्याकाळचा दुसरा तपशील विसरू नका. त्याच बटालियनच्या दुसऱ्या तुकड्या आसपासच्या गावांत होत्या. हुकूम तोच, वेळ तीच, गणवेश तोच. तिथल्या काही अधिकाऱ्यांनी लोकांना मुकाट्याने घरी जाऊ दिलं. पुढे खटल्यात न्यायमूर्ती बेंजामिन हलेवी यांनी तत्त्व मांडलं की काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात की जणू त्यांच्यावर काळं निशाण फडकत असतं. असे हुकूम पाळणाऱ्याला ‘वरून आदेश होता’ हा बचाव मिळणार नाही. दोषी ठरलेले काही वर्षांतच सुटले आणि ब्रिगेडच्या प्रमुखाला क्षुल्लक नाण्याचा दंड झाला, हा त्या राज्याच्या कपाळावरचा डाग आहे. तरी तत्त्व कायद्यात राहिलं. लोदच्या माडीवर झालेलं काम इथे कोर्टात झालं: रेषा कुठे आहे ते नाव घेऊन सांगणं, म्हणजे पुढच्या शिपायाला गोळी झाडायच्या क्षणी ती नव्याने शोधावी लागू नये.

1982 मध्ये लेबनॉनच्या युद्धात लढायला नकार देणाऱ्या इस्राएली सैनिकांनी संघटना काढली, तिचं नाव ‘येश ग्वूल’. हिब्रूत याचा अर्थ ‘सीमा आहे’ असाही होतो आणि ‘आता पुरे’ असाही. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत येशायाहू लाइबोविट्झ हा कर्मठ, आज्ञा काटेकोर पाळणारा विचारवंत होता. आज त्या देशात जे चाललंय त्यात अशी माणसं थोडी आहेत आणि त्यांना देशद्रोही म्हटलं जातं. ती थोडी आहेत याने माझा मुद्दा कमजोर होत नाही. सराव करणारे नेहमीच थोडे असतात.

कुणी म्हणेल, मग सदसद्विवेकबुद्धीला तुम्ही कामावरून काढूनच टाकलं की. नाही. तिची वेळ बदला, एवढंच माझं म्हणणं आहे. विवेक हा शांततेच्या काळात चांगला चालतो. त्या काळात त्याच्याकडून यादी करून घ्यावी: कुठल्या तीन गोष्टी मी करणार नाही. तीनच, म्हणजे बाकीच्या बाबतीत वाकताना शरम वाटून दमायला होणार नाही. ती यादी निदान एका माणसाला वाचून दाखवावी, ज्याचा चेहरा वेळेला खिडकीत दिसेल. छोट्या, बिनमहत्त्वाच्या गोष्टीत दर आठवड्याला एक नकार देत जावा, ज्याने चार पैसे बुडतात पण कुणी मरत नाही. आणि तरीही मोडलंच, तर स्वतःला फितूर ठरवून तिथेच मुक्काम ठोकू नये. तिथून निघण्याची तयारी सुरू करावी.

यात काही दिव्य नाही. लोदच्या माडीवर जमलेल्यांपैकी प्रत्यक्ष शिपाई आल्यावर कोण टिकलं आणि कोण मोडलं, याचा हिशेब त्या नोंदीत नाही. निर्णय तेवढा लिहिला आहे, कारण पुढच्यांना उपयोग त्याचाच होता. आपल्याकडे पुतळे पुष्कळ आहेत. अशा माडीवर चार जणांनी बसून, दारात कुणी नसताना, आपलं काय ठरलंय ते एकदा मोजून घेण्याची रीत मात्र कुठे दिसत नाही.